तिसऱ्या माणसाचं नाव

वणी
१४ ऑक्टोबर २०२४

इंद्रा,

आईने लिहायला बसवलं आहे. ती समोर तांदूळ निवडते आहे आणि मधूनमधून सांगते आहे, हे लिही, ते लिही. तिचं सांगणं आधी लिहून टाकते. स्वेटर आणि दोन बनियन मुलाकातीच्या दिवशी आणू. वकील ठरवला आहे, पांढरकवड्याचा आहे, चांगला आहे म्हणतात. पोटाला सांभाळ. घाबरू नको.

वकिलांनी मला दोनदा बजावलं की जेलमध्ये येणारं पत्र आधी तिथले साहेब उघडून वाचतात. म्हणून मी सांभाळून लिहिते आहे.

पोळ्याच्या दिवशी तू पुसदला मित्राकडे होतास, असं आई शेजारीपाजारी सगळ्यांना सांगते. पोलिसांनाही तिने तेच सांगितलं. तेव्हा तू तिथे नव्हतास असं धरून, काय झालं ते मीच तुला सांगायला हवं.

सोमवार होता. सणामुळे खाणीच्या रस्त्याला गाड्या अगदी कमी. खाणीच्या वजनकाट्यावर मी आणि आमचे चौकीदार उकंडाकाका, दोघंच. अकराच्या सुमारास पांढरी जीप आली. तिघं उतरले. दोघांच्या तोंडाला दुपट्टे, एक उघड्या तोंडाचा. त्याचं नाव राजकुमार, हे मला नंतर कळलं. त्याच्याकडे लोखंडी रॉड होता, दुपट्टेवाल्या एकाच्या हातात गावठी पिस्तूल. दुपारी खाणीसाठी तांब्याच्या केबलचा ट्रक काट्यावर वजनाला येणार होता. तो लुटायला ते आले होते, आणि ट्रक येईपर्यंत आम्हाला केबिनमध्ये डांबून ठेवलं. नंतर कोळशाचा एक ट्रकवाला आला, डोंगरसिंग नावाचा, त्यालाही आत घेतलं. सव्वाचारला केबलचा ट्रक आला. झटापट झाली. ट्रक निसटला. काकांच्या डोक्यात रॉड बसला. मी शेतातून पळाले. पोलीस रस्त्यातच भेटले. राजकुमार आणि दुसरा, बुटका, तिथेच सापडले. तिसरा निसटला.

काका दोन दिवसांनी चंद्रपूरच्या दवाखान्यात वारले. हे तुला कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

मला पोलिसांनी तीन वेळा विचारलं, तो तिसरा कोण. मी तिन्ही वेळा सांगितलं, तोंडाला दुपट्टा होता, एक शब्दही बोलला नाही, ओळखू आला नाही. राजकुमारने तुझं नाव घेतलं म्हणून त्यांनी तुला धरलं. मी नाव घेतलेलं नाही.

दुपट्टा होता, हे खरं आहे.

आई विचारते आहे, पत्र संपलं का. संपलं.

रंजिता


वणी
८ डिसेंबर २०२४

इंद्रा,

आईबरोबर मी दोनदा मुलाकातीला आले. दोन्ही वेळा तू जाळीपलीकडून आईशी बोललास आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. म्हणून लिहिते आहे. कागदाकडे तरी पाहशील.

परवा इंदूबाईंकडे गेले होते. उकंडाकाकांची बायको. तू त्यांना पाहिलं आहेस. मागच्या उन्हाळ्यात तू दोन महिने काट्यावर बसायचास, तेव्हा त्या काकांच्या डब्यात तुझ्यासाठी वेगळी भाकर बांधायच्या. त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून शेंगा बाजूला सारल्या. रडल्या नाहीत. सरळ विचारलं, "बाई, त्यायनं शेवटी काय म्हटलं वं?"

मी सांगितलं, गाडी पळव, असं म्हणाले.

"कोणाले?"

"केबलच्या ट्रकवाल्याला. तो काट्यावर गाडी चढवत होता. काका दारातून ओरडले आणि त्याने गाडी तशीच पळवली. त्याचा जीव वाचला."

त्यांनी पदराने हात पुसले. मग म्हणाल्या, "थो माणूस आला होता भेटाले. नागपूरचा हाये. पाया पडला माह्या. मी म्हटलं, बाप्पा, मी कोण?" आणि मग, "थो राजकुमार आता म्हणून राह्यला का रॉड त्यानं नाई मारला. तिसऱ्यानं मारला. पेपरात आलं होतं. तुले तिसरा ओळखू नाई आला ना?"

मी नाही म्हटलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू तरी काय करशील."

इंद्रा, त्या असं म्हणाल्या आणि शेंगा परत मांडीवर घेतल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन जेवले असते.

तुझे वकील खूश आहेत. ते म्हणतात, तिसऱ्याला कुणीच ओळखलं नाही, म्हणजे तुम्ही सुटलात. आईनेही सुस्कारा टाकला. पण मला त्यात दुसरंच दिसतं. चेहरा नसलेल्या माणसावर काहीही ढकलता येतं. राजकुमार खून त्याच्या माथी मारणार आणि स्वतः सुटणार. रॉड कुणाच्या हातात होता, हे मी पाहिलं आहे. पण मी म्हणाले की पाहिलं, तर त्याचा वकील पहिला प्रश्न विचारेल, बाई, एवढं स्पष्ट दिसत होतं, तर तिसरा कसा नाही दिसला?

मी विचार करते आहे. अजून काही ठरवलेलं नाही.

रंजिता


वणी
३ फेब्रुवारी २०२५

इंद्रा,

आज मी न्यायाधीशांसमोर जबाब दिला. आधीचा जबाब खोटा होता, असं सांगून. तिसऱ्या माणसाचं नाव सांगितलं.

हे तुला वकिलांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून कोर्टातून आल्या आल्या लिहिते आहे. तिथले साहेब वाचणार असतील तर वाचू देत. आता मला सांभाळून लिहायचं कारण उरलेलं नाही.

आता तू तिथे होतास असं धरून पुन्हा सांगते.

आदल्या रात्री जेवताना मीच बोलले होते की उद्या सण असूनही मला जावं लागणार, तांब्याच्या केबलचा ट्रक येणार आहे. घरात तिघंच होतो. आई, मी आणि तू. तू पुरणासाठी चिरलेला गूळ खात होतास आणि विचारलंस, "किती वाजता येते वं ट्रक?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी राजकुमारने केबिनमध्ये पाऊल ठेवल्या ठेवल्या तीनचा ट्रक म्हटलं, तेव्हाच मला तुझं विचारणं आठवलं. तरी मी स्वतःला समजावलं की खाणीत पन्नास लोकांना माहीत असेल.

मग बुटक्याला उकडायला लागलं. त्याने पंख्याचं बटण दाबलं, पंखा फिरला नाही. तू जागेवरून उठलास आणि ते बटण दोनदा दाबलंस. पहिल्यांदा वर, मग खाली, आणि पंखा फिरला. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं.

मी काकांकडे पाहिलं. काका पंख्याकडे पाहत होते.

राजकुमार मला म्हणाला, "बाई, कॉम्प्युटर चालू ठेव. गाडी आली का माप, पावती दे, रोजच्यासारखी बोल. डोकं लावू नको जास्ती." तो सारखा फिरत होता. त्याने तोंड बांधलेलं नव्हतं आणि त्याची त्याला फिकीरही नव्हती. मला ते समजायला तासभर लागला. ज्याला आपण ओळखू आलो तरी चालतं, त्याने ओळखणाऱ्याचं काय करायचं हे आधीच ठरवलेलं असतं. काकांना ते माझ्याआधी समजलं होतं.

साडेबाराला डोंगरसिंगभाऊंचा ट्रक काट्यावर चढला. मी गाडी नंबरच्या रकान्यात एकशे बारा टाकलं, पोलिसांना बोलवायचा नंबर. वजनाच्या दोन्ही रकान्यांतही तेच. आमची प्रत्येक नोंद मालकाच्या मोबाईलवर जाते, हे राजकुमारला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू माझ्या खुर्चीमागे उभा होतास. तुला कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता. तू काही बोलला नाहीस.

हे मी आज न्यायाधीशांना सांगितलं. तू गप्प राहिलास, हेही सांगितलं.

पावती खिडकीतून डोंगरसिंगभाऊंच्या हातात गेली. त्यांनी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. तसेच निघाले असते तर रस्त्यातून फोन करता आला असता. पण त्यांनी, काय झालं बाई, म्हणून खिडकीत डोकं घातलं आणि पिस्तूल पाहिलं. राजकुमारने कॉलर धरून त्यांना आत ओढलं. आत येता येता त्यांनी ती पावती तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुडीत चुरगाळली आणि खर्र्यासोबत तोंडात टाकली. दहा मिनिटं चावत बसले. राजकुमार म्हणाला, "थुक ना बे." ते म्हणाले, "नाई साहेब, मी गिळतो." आणि खरंच गिळली. त्यानंतर तो माणूस दुपारभर उचक्या देत होता.

काकांना साखरेचा आजार. दोनच्या पुढे त्यांचे हात कापायला लागले. इंदूबाईंनी पुरणपोळ्या दिल्या होत्या, डबा टेबलावर होता. त्यांनी मागितला, तर राजकुमार म्हणाला, सणाचं जेवण ट्रक आल्यावर. तू डबा उचललास, झाकण काढलंस आणि काकांच्या मांडीवर ठेवलास. राजकुमारने तुला शिवी दिली. तू भिंतीशी जाऊन उभा राहिलास.

काका खाता खाता माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, मले समजलं. तू काही बोलू नको. पोट्टा हाये, फसला हाये. मी बी नाई बोलत."

असा होता तो माणूस. हातात पोळी धरवत नव्हती, आणि तुला वाचवत होता.

ट्रक तीनला आला नाही, चारला आला नाही. राजकुमारचा तोल जायला लागला. बुटक्याला म्हणाला, "ड्रायव्हर उतरला का सगळ्यायले एकाच खोलीत घ्यायचं. मंग पाहतो मी." काकांनी ते ऐकलं. सव्वाचारला ट्रकचा हॉर्न वाजला. राजकुमार दाराकडे वळला आणि काका खुर्चीवरून उठून त्याच्या बगलेतून दारात गेले. एवढ्या आजारी माणसाला एवढी चपळाई कुठून आली, मला अजून कळत नाही. "गाडी पळव रे! पळव!" असं ओरडले. ट्रक काट्यावरून धडधडत निघून गेला.

पिस्तूल तेव्हा तुझ्या हातात होतं. राजकुमार तुझ्यावर ओरडला, "पाहून काय राह्यला बे? उडव त्याले!"

तू उडवलं नाहीस.

मग त्याने रॉड उचलला. इंद्रा, रॉड वर गेला आणि खाली आला, तेवढ्या वेळात तू एक पाऊलसुद्धा पुढे टाकलं नाहीस. पिस्तूल हातात असून. मीही टाकलं नाही. डोंगरसिंगभाऊंनीही नाही. आम्ही तिघंही पाहत होतो.

दुसरा वार घालायला तो बाहेर गेला, तेव्हा तू मागच्या दाराची कडी काढलीस आणि म्हणालास, "ताई, पळ."

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तिसरा माणूस एक शब्दही बोलला नाही. ते खोटं होतं.

मी पळाले. कपाशीच्या चिखलात चपला गेल्या. काकांकडे मागे वळून पाहिलं नाही. मालकाने नोंद चार वाजता पाहिली होती, म्हणून पोलिसांची गाडी अर्ध्या रस्त्यात भेटली. मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. फक्त तुझं चांगलं सांगितलं नाही आणि फक्त वाईटही सांगितलं नाही.

जबाब बदलण्याच्या आठवडाभर आधी डोंगरसिंगभाऊ काट्यावर आले होते. गाडीचं वजन झालं, तरी घुटमळले. मग म्हणाले, "बाई, थो तुमाले ताई म्हणला. मी ऐकलं. पोलिसायले सांगितलं नाई. तुमच्या घरातली गोष्ट हाये." म्हणजे काका तुझ्यासाठी गप्प राहिले, हा परका माणूस माझ्यासाठी गप्प राहिला, मी आईसाठी गप्प राहिले. या सगळ्या गप्प बसण्यातून सुटणार कोण? राजकुमार. एवढंच मला दिसलं आणि मी ठरवलं.

आईला आज सकाळी जाण्याआधी सांगितलं. ती म्हणाली, "तुह्या एका शब्दानं पोट्टा घरी येते. अन् तू थोच शब्द नाई म्हणून राह्यली?"

मी म्हटलं, "आई, तो घरी आला तरी आपण तिघं जेवायला कसे बसू?"

 मी परत आले तेव्हा तिची पिशवी भरून दारात होती. ती नेरला मावशीकडे गेली.

रंजिता


वणी
२७ एप्रिल २०२५

इंद्रा,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांत एक ओळ. 'आई म्हणते तेच तू म्हण, अजून वेळ आहे.'

अजून वेळ आहे हे बरोबर आहे. पण तो तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. माझं ठरलेलं आहे.

आई नेरलाच आहे. मी तीन वेळा बसने गेले. मावशी चहा करते, आई आतल्या खोलीत जाऊन पडते. दुसऱ्या वेळी मी दाराशी बसूनच बोलले. म्हटलं, गोळ्या वेळेवर घे, मी पुढच्या रविवारी येईन. आतून आवाज आला, "येऊ नको." मी पुढच्या रविवारी गेले. तेव्हा मावशीने सांगितलं की आई सकाळपासून बसच्या वेळा विचारत होती.

मागच्या आठवड्यात दोन माणसं काट्यावर आली. गाडी नव्हती, पायी आले. एकजण खिडकीच्या काचेवर बोट वाजवून म्हणाला, "बाई, राजकुमारभाऊनं नमस्कार सांगितला. कोर्टात जपून जाजा." मी त्यांचा फोटो काढला. त्यांच्या समोर, मोबाईल वर धरून. ते हसले आणि गेले. मी फोटो पोलिसांना दिला. त्यानंतर ते आले नाहीत, पण मालक म्हणाले, काही दिवस सुटी घे. मी म्हटलं, सुटी घेतली तर त्यांना वाटेल की मी घाबरले.

घाबरले तर होतेच. फोटो हललेला आला आहे. पण चेहरा कळतो.

काकांच्या जागी मालकांनी अजून कुणाला ठेवलेलं नाही. त्यांची खुर्ची मी दारातच ठेवते.

डोंगरसिंगभाऊंना समन्स आलं. ते म्हणाले, "मी गाडीवाला माणूस. आज इथं, उद्या रायपूरले. कोर्टाच्या चकरा मले जमत नाई बाई." मी आग्रह केला नाही. फक्त विचारलं, "भाऊ, ती पावती तुम्ही काहून गिळली?" ते म्हणाले, "सापडली असती तर तुमाले मारलं असतं ना त्यानं." मी म्हटलं, "मग? आता तरी दुसरं काय आहे? आताही तो मला धमकावतोच आहे." ते ट्रकमध्ये चढून गेले. येतील की नाही, माहीत नाही. नाही आले तरी मी एकटी जाणार आहे.

तू मला काही लिहू नकोस, अशी माझी अट नाही. पण पुन्हा असं कार्ड पाठवू नकोस.

रंजिता


पांढरकवडा
१३ ऑगस्ट २०२५

इंद्रा,

काल तू सगळं ऐकलंस, तेव्हा सांगण्यासारखं काय आहे? पण कोर्टात मला तुझ्याकडे बघून बोलता आलं नाही. म्हणून बस येईपर्यंत स्टँडवर बसून लिहिते आहे. काल उशीर झाला, सरकारी वकील बाईंनी त्यांच्या ओळखीच्या घरी माझी राहण्याची सोय केली होती.

राजकुमारच्या वकिलाने मला सव्वादोन तास उभं केलं. तू पाहिलंस. तो मुद्दाम हळू बोलत होता.

"म्हणजे बाई, तुम्ही पोलिसांशी खोटं बोललात?"

"हो. तीन वेळा."

"आणि आता खरं बोलता, हे कशावरून?"

मी म्हटलं, "साहेब, खोटं बोलले तेव्हा माझा भाऊ वाचत होता. आता बोलते तर तो अडकतो आहे. मला यात काय मिळणार, ते तुम्हीच सांगा."

त्याने कागद उलटले. मग विचारलं, "रॉड तुमच्या भावाच्या हातात होता की नाही?"

"नाही. त्याच्या हातात पिस्तूल होतं. त्याला मारायला सांगितलं होतं, त्याने मारलं नाही."

"म्हणजे तो निर्दोष, असं तुम्हाला म्हणायचं आहे?"

इंद्रा, तुझे वकील खुर्चीत पुढे सरकले. त्यांना वाटलं मी हो म्हणेन. मलाही क्षणभर वाटलं. खाली मावशीशेजारी आई बसली होती. ती येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हिरव्या लुगड्यात, पिशवी छातीशी धरून.

मी म्हटलं, "नाही. ट्रकची बातमी त्यानेच दिली. माझ्या घरातून, माझ्या ताटासमोरून. तो त्यांच्यासोबत आला. त्याने काकांना जेवायला दिलं आणि काकांना मार बसताना पाहत उभा राहिला. मला सोडवलं. हे सगळं त्यानेच केलं. यातलं निम्मं घेऊन निम्मं टाकायला मी आलेली नाही."

 न्यायाधीशांनी मला पाणी देण्यास सांगितलं.

माझ्यानंतर डोंगरसिंगभाऊ आले. रात्रभर गाडी चालवून रायपूरहून आले होते, डोळे लाल. त्यांनी पावतीपासून ताई, पळ पर्यंत सगळं सांगितलं. वकिलाने विचारलं, पावती कुठे आहे? ते म्हणाले, "पोटात गेली साहेब. मालकाच्या मोबाईलमधी नोंद हाये, थे पाहून घ्या." लोक हसले. न्यायाधीशही हसले असावेत.

बाहेर आल्यावर आई व्हरांड्यात उभी होती.  तिने पिशवीतून डबा काढला, पायरीवर ठेवला आणि मावशीबरोबर बसकडे गेली. त्यात भाकरी आणि झुणका होता. मी पायरीवरच बसून खाल्ला. इंदूबाई साक्ष ऐकायला आल्या होत्या, शेजारी बसल्या, त्यांनाही अर्धी भाकरी दिली.

तुला घेऊन जाताना तू एकदा मागे पाहिलंस. माझ्याकडे की आईकडे, ते मला कळलं नाही.

बस लागली.

रंजिता


वणी
१९ जानेवारी २०२६

इंद्रा,

निकाल तू ऐकला आहेस. राजकुमारला जन्मठेप. बुटक्याला दहा वर्षं. तुला सात. त्यात जेलमध्ये काढलेले महिने धरतील, असं वकील म्हणाले. ते नाराज आहेत. म्हणतात, तुमच्या बहिणीने केस घालवली. सरकारी वकील बाई म्हणतात, बहिणीने सांगितलं नसतं तर राजकुमारने खून या पोरावर टाकला असता आणि तो जन्मभर आत गेला असता. दोघांपैकी कोण बरोबर, ते मला माहीत नाही. कुणाला किती शिक्षा होईल, हे पाहून मी बोलले नव्हते.

नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी तिघांनाही उभं करून विचारलं, तुम्हाला काय सांगायचं आहे. राजकुमार म्हणाला, सगळं खोटं आहे. बुटका म्हणाला, मला माहीत नाही. तुझी पाळी आली तेव्हा तुझे वकील तुला डोळ्यांनी खुणावत होते, ते मी मागच्या बाकावरून पाहत होते. तू त्यांच्याकडे पाहिलंच नाहीस. मग म्हणालास, "ताई जे बोलली थे बरोबर हाये."

पोळ्यानंतर मी एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीमागे जाऊन रडले. सुटकेचं रडणं होतं ते. टपरीवाल्याने दोन वेळा विचारलं, बाई, काय झालं. मी म्हटलं, माझा भाऊ बोलला.

आई परवा घरी आली. मावशीने आणून सोडली. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहिले आणि म्हणाली, "तिखट कोठं ठेवलं वं?" एवढंच. रात्री झोपताना मात्र अंधारात विचारलं, "थ्या बुढ्यानं खरंच म्हटलं होतं का, पोट्टा फसला हाये म्हणून?" मी म्हटलं, हो, अगदी अस्संच म्हणाले. ती उठून बसली. सकाळी मला म्हणाली, "मले इंदूबाईकडं घेऊन चाल."

काल गेलो. दोघी ओट्यावर बसल्या. आईने त्यांचे हात धरले. इंदूबाईंनीच बोलायला सुरुवात केली. तुझ्याबद्दल विचारलं. जेवण कसं मिळतं, थंडी किती आहे, अंगावर काय घालतो. मग म्हणाल्या, "त्यानं डबा उघडून देल्ला होता म्हणे माह्या माणसाले. पोळ्या खाल्ल्या ना त्यायनं? किती खाल्ल्या?"

मला आठवेना. दीड की दोन. मी सांगितलं की मला नक्की आठवत नाही.

"त्याले आठवत असन," त्या म्हणाल्या.

तर इंद्रा, आता हे माझं सांगणं ऐक, आणि यात माघार नाही. मला पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. माझ्याकडे तुझी एक ओळ होती, ती मी फाडून टाकली आहे. कोर्टात तू बोललास, ते माझ्यापुरतं पुष्कळ झालं. आईसाठी मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिला मुलाकातीला घेऊन येईन, तुझी सात वर्षं भरेपर्यंत येईन. काट्यावरची सुटी मी मालकांकडून आताच मागून घेतली आहे.

पण पहिलं पत्र तू इंदूबाईंना लिही. वकिलाला विचारून लिहू नकोस. आईच्या सांगण्यावरून लिहू नकोस. काका किती पोळ्या जेवले, हे लिही. रॉड वर गेला तेव्हा तुझे पाय का हलले नाहीत, हे तुला माहीत असेल तर लिही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून लिही. माफी मागायची की नाही, ते तू ठरव.

त्यांना वाचता येत नाही. पत्र आलं की मी त्यांच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवीन. त्यात माझ्याबद्दल काहीही असो, आईबद्दल असो, मी एक शब्द गाळणार नाही.

ताई